सव्वा इंच

५ जानेवारी

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र शिलाई मशीनच्या खणात टाकशील, हे मी धरून चाललोय. नको असलेल्या गोष्टी तू त्या खणात टाकतेस आणि दोन दिवसांनी कात्री शोधताना बाहेर काढतेस. म्हणजे उशिरा का होईना, वाचशील. फोन तू उचलत नाहीस. दाजी उचलतात, ते "राँग नंबर" म्हणायला. दाजींना आवाज बदलता येत नाही, एवढं त्यांना सांग.

आज दारू सोडून चोवीस दिवस झाले. व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम संपला. आता केंद्राच्याच मागच्या खोलीत राहायचं आणि इमारतीची डागडुजी करायची, असं ठरलंय. गवंड्याला काय, भिंती सगळीकडे असतात. खोलीत माझ्याबरोबर एक मास्तर आहेत. शाळेत भूगोल शिकवायचे आणि शेवटी शेवटी स्वतःच्या घराचा रस्ता विसरायचे, असं तेच सांगतात. चार वर्षं झाली, थेंबाला शिवलेले नाहीत.

तब्येत म्हणशील तर चहाचा कप आता बशीत वाजत नाही. वजन तीन किलोने वाढलंय. गोड खावंसं वाटतं, इतकं की मास्तर बिस्किटांचा डबा उशीखाली घेऊन झोपतात. सकाळी चालायला जातो. झोपही लागते.

गोची होते ती संध्याकाळी सहाला. डोकं काही बोलायच्या आत पाय गुत्त्याकडे वळतात. वीस वर्षं त्याच वेळी त्याच वळणाने गेलेले पाय, मालकाने दारू सोडली हे त्यांना अजून कुणी कळवलेलंच नाही. समुपदेशक बाई म्हणाल्या, सहाला पायांना दुसरं काम द्या. जवळच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये त्याच वेळी व्यायामाचा वर्ग असतो. अकरा बायका आणि मी. शिकवणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत. त्या "डावा पाय" म्हणाल्या की अकरा डावे आणि एक उजवा वर जातो. मला त्यांनी पहिल्याच दिवशी मागच्या रांगेत टाकलं, म्हणजे माझं बघून कुणी चुकायला नको.

आता कामाचं. मला तुझ्या घरी येऊन मी बांधलेल्या जिन्याची ती नववी पायरी नीट करायची आहे. अर्धा इंच इकडेतिकडे झाली असेल. एवढ्याशा कामासाठी तू मला दारात उभं करणार नाहीस का? आई त्या पायरीवर पडली, हात मोडला, ते वाईटच झालं. तेव्हा दवाखान्यात मी जे बोललो ते तुला आठवत असेलच, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

तुझा धाकटा

२२ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. पाकीट उलटं करून झटकलं तेव्हा मांडीवर पडलं. शिवणाच्या टेपचा कापलेला तुकडा, बरोबर सव्वा इंचाचा. चिठ्ठी नाही, सही नाही. मास्तरांनी तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, "बहीण कमी बोलते वाटतं." मी म्हटलं, एरवी नाही.

मान्य. अर्धा नव्हे, सव्वा.

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आलीय का? तुकडा टेपच्या सुरुवातीचा आहे. म्हणजे तुझी टेप आता सव्वापासून सुरू होते. रागाच्या भरात गिऱ्हाइकांची मापं घेऊ नकोस, नाहीतर गावभर घट्ट ब्लाउज फिरतील आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटेल.

मावशीचा फोन आला होता. तिच्याकडून कळलं की तू त्या पायरीच्या कडेला लाल कापडाची पट्टी चिकटवली आहेस आणि दाजी पाहुण्यांना खालूनच "सांभाळा, नववी!" म्हणून हाका देतात. घरातल्या सगळ्यांना म्हणे आता सवय झालीय, आठ झाल्या की पाय आपोआप जास्त उचलला जातो. मांजरसुद्धा तिथे उडी मारतं. आई मात्र भिंत धरून, तोंडाने मोजत चढते. हे ऐकून मला हसू आलं, आणि मग आलं नाही.

इकडे सगळं छान. व्यायामाच्या वर्गात मी आता मधल्या रांगेत आहे. गुडघ्यांना बरं वाटतं. भाज्या खातो, ज्या आईने तीस वर्षं ताटात वाढल्या आणि मी तीस वर्षं ताटाखाली लपवल्या, त्याच. मधे एक दिवस हॉल कुणाच्या तरी बक्षीस समारंभाला दिला होता, तेवढा वर्ग बुडाला. बाकी विशेष काही नाही.

आज एक्केचाळिसावा दिवस. मास्तरांनी खांद्यावरून आकडा वाचला आणि "बरं" म्हणाले.

मग येऊ का?

तुझा धाकटा

४ फेब्रुवारी

ताई,

मास्तर समोर बसलेत. त्यांनी लिहायला लावलेलं नाही, मीच त्यांना बसवलंय, म्हणजे मधेच उठून जाता येणार नाही.

मागच्या पत्रातला एक्केचाळीस खोटा होता. खरा आकडा सहा होता.

सोळा जानेवारीला मी पावणेसहाला, खांद्यावर टॉवेल टाकून, हॉलच्या दारात हजर. दारावर कागद: आज वर्ग नाही. खोलीवर जातो असं स्वतःला सांगून मी वळलो. पाय कुठे गेले ते तुला सांगायला नको. टॉवेल खांद्यावर तसाच होता, गुत्त्यातल्या माणसाने विचारलंसुद्धा, पोहायला निघालात का. दुसऱ्या दिवशी सकाळी मी समुपदेशक बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. डॉक्टरांकडे पाठवलं आणि म्हणाल्या, पुन्हा एकपासून मोजा, मागचं शिकलेलं वाया जात नाही. त्यांना सांगता आलं. तुला नाही सांगता आलं.

मास्तर एकाच खोलीत राहतात, त्यांना ठाऊक होतंच. त्यांच्या त्या "बरं"ने माझ्या जेवणाची चव गेली. काल मी विचारलं, "मास्तर, तेव्हाच का बोलला नाहीत?"

म्हणाले, "पत्र तुझं, बहीण तुझी. मी भूगोलाचा माणूस. मला एवढंच कळतं, नकाशात एक रस्ता चुकीचा काढला की पुढचे सगळे चुकतात."

तर आता फोडायलाच घेतलंय तर पायरीचंही फोडतो. तुला वाटतं की ती नशेत चुकली. चुकली नशेतच. भिंतीवर खडूने उंचीच्या खुणा केल्या त्यात नववी वर पडली, म्हणून नववी सव्वा इंच उंच झाली आणि दहावी तेवढीच बुटकी. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शुद्धीत होतो, ताई. पहिल्यांदा वर चढलो तेव्हाच पायाला कळलं. टेप लावून मापली. काम ओलं होतं, हातोडीच्या चार ठोक्यांत निघालं असतं. पण हात थरथरत होते आणि अकरा वाजेपर्यंत घसा ओला करायचा होता. मी वरून फरशी बसवली, सांधे भरले आणि तुला हाक मारून म्हटलं, "बघ, आरशासारखा जिना." तू मला चहा दिलास.

म्हणजे सव्वा इंच मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तू टेपचा तुकडा उगाच वाया घालवलास.

आणि तरीही, आई पडली तेव्हा दवाखान्यात तोंडाला वास घेऊन आलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "पायरी बरोबर आहे, आईचं पाऊल चुकलं." तिच्या हाताचं प्लास्टर अजून ओलं होतं. ती काही बोलली नाही. तू मला दंडाला धरून बाहेर काढलंस. बरोबर केलंस. मला त्या वाक्याची लाज वाटते. दारूची वाटते त्याहून जास्त वाटते.

या पत्रात "येऊ का" विचारत नाही.

आज दिवस एकोणिसावा. खाली साक्षीला मास्तरांची सही आहे. लाल शाईची, त्यांची सवय जात नाही.

तुझा धाकटा

१० मार्च

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी आपला लिहितो, तू आपलं खणात टाक.

व्यायामाच्या वर्गातही मी सांगून टाकलं, सोळा तारखेचं. सांगताना घाम फुटला. अकरा बायका माझ्याकडे बघत होत्या. मग त्यातल्या एक आजी, ज्या खुर्चीवर बसून व्यायाम करतात, त्या म्हणाल्या, "अहो, मग सुट्टी असेल तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या तरी बरोबर फिरायला जायचं. त्यात काय एवढं?" लगेच वही काढून पाळ्या लागल्या. आता वर्ग नसला की सहाला मला कुणीतरी फिरवायला नेतं. गेल्या आठवड्यात त्या आजींची पाळी होती. त्यांच्या वेगाने गुत्त्याच्या दारात पोचायला मला सव्वा तास लागला असता, तोवर तो माणूसच कंटाळून दुकान बंद करून गेला असता.

या बायकांसाठी मी काम केलंय. वाचनालयाच्या दाराला एकच मोठी उंच पायरी होती, गुडघेवाल्यांचा जीव जायचा. मी तिथे तीन लहान पायऱ्या बांधल्या. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते मिस्त्री तुला आठवतात ना, कानावर पेन्सिल ठेवून झोपणारे? ते म्हणायचे, जिना डोळ्यांनी चढत नाहीत, पायांनी चढतात. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप घेतो आणि तिसरीपासून विश्वासावर चालतो. म्हणून पायरी तपासायची तर डोळे मिटून चढायचं. मी प्रत्येक पायरी पाच वेळा मापली. पाणसळ लावली, तिच्यातला बुडबुडा मधोमध येऊन बसला तेव्हा मला शिट्टी वाजवावीशी वाटली. वाजवली. वाचनालयाच्या बाईंनी "शांतता राखा"च्या पाटीकडे बोट दाखवलं.

सिमेंट ओलं होतं तेव्हा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं, वर गोणपाट टाकलं. सिमेंट वाळून घट्ट होतं असं लोकांना वाटतं. तसं नाही, ते पाणी पिऊन घट्ट होतं, आणि घाई केली तर तडकतं. हे मी वर्गात सांगितलं तर नर्सबाई म्हणाल्या, मग तुम्हीही दिवसाला आठ ग्लास प्या. आता बाटली घेऊन हिंडतो.

उद्घाटनाला सगळ्या जणी एकमेकींचा हात धरून, डोळे मिटून चढल्या. एकीचाही पाय अडला नाही. मी बाजूला उभा होतो आणि मला रडू आलं. नर्सबाईंनी रुमाल दिला आणि म्हणाल्या, "डावा डोळा आधी." अर्थात मी उजवा पुसला.

दिवस त्रेपन्नावा. खाली लाल सही.

तुझा धाकटा

२ एप्रिल

ताई,

कार्ड मिळालं. चार ओळी आहेत. मी त्या एवढ्यांदा वाचल्या की मास्तरांना पाठ झाल्यात. आंघोळीला जाताना म्हणत असतात:

"ये. स्वतःची हत्यारं आण. फक्त नववी फोडायची, बाकीच्यांना हात लावायचा नाही. आईची इच्छा आहे, माझी अजून ठरलेली नाही."

चालेल. तुझी ठरेपर्यंत मी पायरीपुरताच येतो.

माझं पथ्य आधी सांगून ठेवतो, म्हणजे तिथे घोळ नको. जेवण वेळेवर हवं, उपाशी राहिलो की डोकं भलतीकडे जातं. सकाळी चालायला जाईन. समुपदेशक बाईंना रोज दुपारी फोन करीन, तो तुझ्यासमोर करीन. आणि सहा वाजता मला एकटं ठेवू नकोस. काहीही काम दे. भांडी घासायला लाव, दाजींबरोबर पत्ते खेळायला बसव. दाजी पत्त्यांत लबाडी करतात, तेवढं मी सहन करीन.

पायरी फोडून नवी केल्यावर सात दिवस तिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, आठवीवरून थेट दहावीवर जायचं. आईने तेवढे दिवस खालीच झोपावं. मांजराला तू समजाव.

हात थरथरेल का, अशी भीती वाटते. तुझ्याशी खोटं नको म्हणून लिहिलं.

दिवस शहात्तरावा. मास्तरांनी सहीखाली "शुभेच्छा, प्रगती समाधानकारक" असंही लिहिलंय. दुर्लक्ष कर.

तुझा धाकटा

२ मे

ताई,

सुखरूप पोचलो. तू दिलेला डबा मास्तरांनी माझ्याआधी उघडला.

तुझ्या घरी काय काय झालं ते तुला कशाला सांगू, तू होतीसच. पहिल्या ठोक्याला तू मशीन थांबवून दारात येऊन उभी राहिलीस, ते मला पाठमोऱ्यालाही कळलं. हात थरथरला नाही. तू पाहिलंस आणि परत जाऊन मशीन सुरू केलंस. रोज सहाला तू मला ब्लाउजांना हुक लावायला बसवलंस. दोन तासांत मी सहा लावले आणि तू ते सहाही उसवलेस. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवलंस.

पण एक गोष्ट तू पाहिली नाहीस. आठव्या दिवशी सकाळी मी गोणपाट काढलं तेव्हा तू कपडे पोचवायला गेली होतीस. आईने मला शपथ घातलीय की ताईला सांगायचं नाही. म्हणून बोललो नाही, लिहितोय.

मी म्हटलं, आधी मी चढून बघतो. आई म्हणाली, "पडले होते मी, तर चढणार पण मीच." पदर खोचला आणि निघाली. मी तिच्या मागे एक पायरी सोडून. नेहमीसारखी भिंत धरून, मोजत. सहा, सात, आठ. आठवर थांबली. मग "नऊ" म्हणून तिने पाय उचलला, अडीच वर्षं उचलत आली तसाच, चांगला उंच. आणि तिथे काहीच नव्हतं, ताई. पायरी खाली होती. पाय हवेतून धाडकन खाली आला आणि ती डुलली.

मी तिचा दंड धरला. वाटलं, झालं, पुन्हा माझ्याच हातून. पाचदा मापली होती, पाणसळ लावली होती, तरी चुकली. ती तशीच नवव्या पायरीवर उभी. खाली बघितलं. पायाने फरशी दोनदा दाबून पाहिली. मग माझ्याकडे वळली, आणि तिचा चेहरा बघितला तर ती हसत होती.

म्हणाली, "पायरी बरोबर आहे रे. माझं पाऊल चुकलं."

तेच वाक्य. शब्दाला शब्द. दवाखान्यात ती काही बोलली नव्हती, पण तिने ते जपून ठेवलं होतं, आणि मला परत दिलं ते असं. मी तिथेच नववीवर बसलो. ती माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "रडून झालं की सांग, मला वर जायचंय. खिडकी उघडायचीय."

मग दिवसभर घरात काय तमाशा झाला तो तुला माहीत आहे. दाजी दोनदा आपटले आणि दोन्ही वेळा जिन्याकडे संशयाने बघत राहिले. मांजराने उडी मारली ती थेट दहावीवर गेली. संध्याकाळी तू कपड्यांचा गठ्ठा घेऊन चढताना अडखळलीस, तेव्हा मी मुद्दाम वर बघितलं नाही. तू टेप काढून पायरी मापलीस तेही बघितलं नाही. पण टेप सव्वापासून सुरू होते, हे तू विसरलीस आणि मला खालून ओरडावं लागलं.

बसस्टॉपवर तू विचारलंस, सहा वाजता पाय अजून तिकडे वळतात का. मी म्हटलं, वळतात, पण आता अडखळतात. नवव्या पायरीवर तुमचंही तसंच होणार बघ. चार-सहा महिने पाय उगाच उंच उचलला जाईल. त्याला कुणी रागावायचं नाही. त्याला कळायला वेळ लागतो, एवढंच.

बस आल्यावर तू जे म्हणालीस ते मी मास्तरांना सांगितलं. ते जरा रुसलेत. म्हणतात, आता माझ्या लाल पेनाने करायचं काय? मी म्हटलं, माझे हुक तपासा.

तू सांगितलंस, म्हणून या पत्रावर त्यांची सही नाही.

आज दिवस एकशे सहावा.

तुझा धाकटा